आधी दाखले, मग शाखा, कॉलेज सगळ्यात शेवटी

दहावीचा निकाल लागला की कळव्याच्या आमच्या सोसायटीतून मला तीन-चार फोन ठरलेले. "अगं, पहिलं कॉलेज कुठलं टाकू?" मी विचारते, दाखले काढले का? पलीकडे शांतता. मग, "ते काय, आठ दिवसांत होतात ना?"

नाही होत.

मी सध्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि रोज ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने नवी मुंबईला जाते. मध्यंतरी शाळेतले आम्ही पाचजण तलावपाळीला भेटलो. कुणी कॉमर्सचा, कुणी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, कुणी एक वर्ष घरी बसलेला. दहावीतल्या स्वतःला काय सांगशील, असा विषय निघाला. अभ्यास जास्त करायला हवा होता, असं एकानेही म्हटलं नाही. प्रत्येकाचं रडगाणं एकच होतं: कामं केली, पण उलट्या क्रमाने. आधी कॉलेजचं नाव ठरवलं, त्यावरून शाखा आणि कागदपत्रं ऐनवेळी. क्रम याच्या बरोबर उलटा हवा.

हे नववी-दहावीतल्या मुलांसाठी आहे, म्हणून सरळ अरे-तुरे करते. आईबाबांनाही वाचायला दे, कारण दुसरा टप्पा त्यांच्याशिवाय होणार नाही.

टप्पा १: शाळेत असतानाच नाव दुरुस्त करून घे

वेळ: नववी संपली की लगेच. उशिरात उशिरा दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जी नोंद आहे तीच बोर्डाच्या फॉर्मवर जाते, तीच गुणपत्रिकेवर छापली जाते आणि तीच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते. तुझं नाव शाळेच्या पटावर आहे तोवर दुरुस्तीचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत पुढे जातो. एकदा दाखला हातात पडला की तेच काम कितीतरी पटीने किचकट होतं.

१. एका कोऱ्या कागदावर चार रकाने आख: जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड, शाळेचं रजिस्टर.

२. पाच ओळी लिही: तुझं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख. मराठी आणि इंग्रजी दोन्ही.

३. प्रत्येक चौकट मूळ कागद समोर ठेवून भर. "माहितीये मला" म्हणून भरू नकोस. रजिस्टरमधली नोंद क्लार्ककाकांना विनंती करून स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

४. जिथे फरक दिसेल तिथे गोल कर आणि त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना सांग.

आमच्यातल्या एकीच्या आईचं नाव शाळेत "सुनिता" आणि बाकी सगळीकडे "सुनीता". तेवढं चाललं. पण इंग्रजी आडनावात आधारवर एक "ए" आणि गुणपत्रिकेवर दोन, हे चाललं नाही. आधारवरचं नाव बदलून येईपर्यंत तिची शिष्यवृत्ती अडकली.

तपासणी: शाळा सोडल्याच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्व "भारतीय" आणि जन्मस्थळ (गाव, तालुका, जिल्हा, राज्य) छापलेलं आहे ना? बारावीनंतरच्या प्रवेशात या दोन ओळी उपयोगी पडतात. रिकाम्या असतील तर दाखला हातात घेतानाच, त्याच टेबलावर सांग.

टप्पा २: दाखल्यांची फाइल

वेळ: दहावीची परीक्षा संपल्यापासून निकालापर्यंत. म्हणजे मार्च ते मे, जेव्हा तू दुपारी बारापर्यंत झोपायचं ठरवलं आहेस.

निकालानंतर सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. एप्रिलमध्ये गर्दी कमी असते. अर्ज "आपले सरकार" पोर्टलवरून घरूनही करता येतो, पण स्कॅन नीट नसेल तर तो परत येतो आणि परत आल्याचं कळायला तुला रोज लॉगिन करून बघावं लागतं. कुणी फोन करून सांगत नाही.

प्रत्येकाला लागणारं: वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र (घरात याला डोमिसाइलच म्हणतात) आणि उत्पन्नाचा दाखला. उत्पन्नाचा दाखला "आपल्याला कुठे फी माफी मिळणार" म्हणून सोडून देतात. मुलींनो, तुम्ही तर अजिबात सोडू नका. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने पूर्ण माफ केलं आहे. कागद नसेल तर माफी नाही.

आता आरक्षणाचे कागद. इथे ठाण्यातली घरं हमखास चुकतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

तीन वेगळे कागद आहेत आणि लोक त्यांना सरसकट "कास्ट सर्टिफिकेट" म्हणतात. पहिला, जातीचा दाखला, प्रांत कार्यालयातून मिळतो. दुसरा, जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी. ती जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. तिसरा, नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, जो ओबीसी, भटक्या-विमुक्त अशा प्रवर्गांना लागतो, अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. अकरावीला जातीच्या दाखल्यावर भागतं. बारावीनंतर इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकलला व्हॅलिडिटी मागतात, आणि ती वेळेत आणली नाही तर राखीव जागा हातची जाते.

ठाण्यात राहतो म्हणजे जातीचा दाखला ठाण्यातच निघणार, हा पहिला गैरसमज. पूर्वज एका ठरावीक तारखेला कुठे राहत होते, यावर दाखला कुठला ते ठरतं. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आमचे आजोबा मिलमध्ये लागले ते त्यानंतर. म्हणजे आमचा दाखला रायगड जिल्ह्यातून निघणार, हे मला कळलं तेव्हा मी बारावीत होते आणि प्रिलिम तीन आठवड्यांवर होती.

मग बाबा दोन दिवस रजा काढून गावी गेले. आजोबांच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रजिस्टर कपाटाच्या तळाशी, कडा वाळवीने खाल्लेलं. आजोबांचं नाव सापडलं, जातीची नोंदही होती, पण तिथे आडनावच नव्हतं, फक्त नाव आणि बापाचं नाव. मग ते आणि आपण एकच हे दाखवायला पणजोबांच्या नावचा जुना सातबारा, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि चुलत काकांची व्हॅलिडिटी, एवढं सगळं गोळा केलं. काकांची व्हॅलिडिटी होती म्हणून सुटलो. रक्ताच्या नात्यात, वडिलांच्या बाजूने, कुणाकडे व्हॅलिडिटी असेल तर आधी तिची प्रत मागून घे. गणपतीला सगळे गावी जमतातच, तेव्हाच विषय काढायचा.

क्रम असा ठेव:

१. आजोबा-पणजोबांचा ठरलेल्या तारखेआधीचा पुरावा (शाळेचा निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, महसुली नोंद).

२. त्यावरून जातीचा दाखला.

३. अकरावीला प्रवेश झाला की कॉलेजचं शिफारसपत्र घेऊन व्हॅलिडिटीचा अर्ज. बारावीची वाट बघू नकोस.

४. नॉन-क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएस सगळ्यात शेवटी, कारण त्यांना मुदत असते.

इशारा: नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेणार त्या वर्षाच्या मार्चअखेरपर्यंत ती चालू हवी. म्हणजे जूनमध्ये प्रवेश घेताना पुढच्या मार्चची तारीख छापलेली दिसली पाहिजे. उत्साहाने नववीतच काढून ठेवलेलं तोवर संपलेलं असू शकतं.

सोबत एक किरकोळ वाटणारं काम: स्वतःच्या नावाचा ईमेल पत्ता आणि कधीही न बदलणारा एक मोबाइल नंबर ठरव. सायबर कॅफेवाल्या दादाचा नंबर फॉर्मवर टाकलास तर ओटीपी त्यालाच जाणार. हसू नकोस, आमच्या वर्गात दोघांनी हे केलंय.

टप्पा ३: शाखा ठरवताना शेवटून मागे ये

वेळ: निकालाआधी. निकालानंतर टक्के डोक्यात जातात.

आपण विचारतो, "सायन्स घेऊ की कॉमर्स?" त्याऐवजी आवडतील असे तीन अभ्यासक्रम लिहून काढ आणि प्रत्येकासमोर बारावीला कुठले विषय मागतात आणि कुठली प्रवेश परीक्षा आहे ते लिही. हे अर्ध्या तासाचं काम आहे. आम्ही पाचांपैकी कुणीच केलं नव्हतं.

सायन्सला गेल्यावर खरा प्रश्न गणित आणि जीवशास्त्र यांतलं काय सोडायचं हा असतो. गणित सोडलं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर बंद. बीएससी आयटीलाही बारावीत गणित मागतात. जीवशास्त्र सोडलं की मेडिकल बंद. बायफोकल (कॉम्प्युटर सायन्ससारखा व्यावसायिक विषय) घेतलास तर २०० गुणांचा तो विषय दुसरी भाषा आणि आणखी एक विषय खाऊन टाकतो, त्यामुळे कुठला विषय गेला ते बघूनच सही कर. कॉमर्सला "मॅथ्स की एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस)" हा प्रश्न पाच मिनिटांत सोडवतात. गणिताचा तिटकारा नसेल तर मॅथ्स ठेव. पुढे काय वाटेल ते आत्ता माहीत नाही, आणि सोडलेलं गणित परत मिळवणं कठीण.

इशारा: सीईटी, म्हणजे राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, फक्त सायन्सवाल्यांची असते, असं कॉमर्स-आर्ट्सच्या मुलांना अजूनही वाटतं. २०२४ पासून एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) मान्यतेखालच्या बीबीए, बीएमएस, बीसीएला राज्याची वेगळी सीईटी आहे. पाच वर्षांच्या लॉलाही आहे. या परीक्षांचे अर्ज बारावी बोर्डाच्या आधीच सुटतात. आमच्या कॉमर्सवाल्या मित्राने निकालानंतर बीएमएससाठी कॉलेजात चौकशी केली, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "सीईटीचा स्कोअर?" हा पठ्ठ्या म्हणाला, "कसली?" सध्या तो बीकॉम करतोय, बरं चाललंय त्याचं, पण त्याने ते निवडलं नव्हतं.

डिप्लोमाबद्दल एवढंच: दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक आणि मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा रस्ता कमी टक्केवाल्यांचा नाही. यंत्रांत हात घालायला आवडत असेल तर तो अकरावी-बारावीपेक्षा सरळ आहे. आमच्यातली डिप्लोमावाली आज वर्कशॉपमध्ये आम्हा सगळ्यांना शिकवते.

टप्पा ४: अकरावीचा पसंतीक्रम

वेळ: अर्जाचा भाग १ (वैयक्तिक माहिती) सुरू होताच भरून टाक. भाग २, म्हणजे कॉलेजांची यादी, मात्र घाईने भरू नकोस.

यादीत जास्तीत जास्त १० कॉलेजं टाकता येतात. नियमित फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून तू बाहेर. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं लागलं तर थांबायची मुभा असते.

आता माझा पराक्रम ऐक. मी पहिल्या क्रमांकावर दक्षिण मुंबईतलं एक नावाजलेलं कॉलेज टाकलं. "लागणार थोडीच आहे, बघू तर." लागलं. वर्ग सकाळी सातला. कळव्याला स्लो गाड्याच थांबतात आणि सकाळच्या गाडीत दारातही उभं राहायला मिळत नाही. सीएसएमटीपर्यंत तासाभराहून जास्त. सव्वाचारला उठायचं, पाचच्या सुमाराला स्टेशन. ऑक्टोबरपर्यंत मी कॉलेजला जाणंच जवळपास बंद केलं होतं. ठाण्यातच चेंदणीला, खाडीच्या बाजूला बांदोडकर कॉलेज आहे, पहिल्या क्रमांकावर ते टाकलं असतं तर लागलं असतं का ते माहीत नाही, पण यादीत ते मी टाकलंच नव्हतं. "ठाण्यातलंच काय टाकायचं" म्हणून. त्या "काय" ची दोन वर्षं किंमत मोजली.

यादी अशी बनव:

१. गेल्या वर्षीचे कट-ऑफ पोर्टलवर फेरीनिहाय असतात. तुझ्या प्रवर्गाचे बघ, पहिल्या फेरीचेच नाही, तिसऱ्याचेही. तुलना ५०० पैकी गुणांची कर, टक्क्यांची नाही.

२. कोड नीट वाच. एकाच कॉलेजचे, एकाच शाखेचे दोन-तीन कोड असतात: अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित. नाव तेच, इमारत तीच, फी कितीतरी पट वेगळी.

३. प्रत्येक कॉलेजला एकदा जाऊन ये. रविवारी नाही, सोमवारी सकाळी, कॉलेजच्याच वेळेला. घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत घड्याळ लाव. ठाण्याला १ नंबर फलाटावरून पुलावर चढून ट्रान्सहार्बरच्या ९-१० नंबरला पोचायलाच गर्दीत किती मिनिटं जातात ते बघ. ॲप ती मिनिटं धरत नाही.

४. दहांपैकी तीन हाताला लागतील-न लागतील अशी, चार बरोबरीची, तीन हमखास लागणारी. आणि पहिल्या क्रमांकावर तेच, जिथे उद्यापासून दोन वर्षं रोज जायची तयारी आहे.

तपासणी: कॉलेज लागल्यावर लॉगिनमध्ये जाऊन प्रवेशासाठी पुढे जात असल्याचं बटण दाबावं लागतं, मग कागद, मग कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का. नुसता मेसेज आला म्हणजे प्रवेश झाला नाही. शेवटच्या दिवशी सर्व्हर आणि रांग दोन्ही रडवतात.

टप्पा ५: इंटिग्रेटेडची पायरी चढण्याआधी

इंटिग्रेटेड म्हणजे नाव कॉलेजात आणि शिकणं क्लासमध्ये. क्लासवाले सांगतील, "कॉलेजात नाव ठेवा, हजेरीचं आम्ही बघतो." काहींना हे मानवतं, नाही म्हणत नाही. पण बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांत ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे असतात. दोन वर्षांचे प्रयोग दोन दिवसांत उरकून जर्नल उतरवून काढणारी मुलं इंजिनिअरिंगच्या पहिल्या लॅबमध्ये मोजमापाचा व्हर्नियर उलटा धरतात. मी धरला होता.

फी भरण्याआधी तीन प्रश्न लेखी विचार: कॉलेजचं नाव आणि कोड काय, प्रयोगशाळा आठवड्यातून कितीदा, मध्येच सोडलं तर किती पैसे परत. तिसऱ्या प्रश्नाला "ते बघू हो" असं उत्तर आलं तर उठून ये.

टप्पा ६: अकरावी म्हणजे सुट्टी नाही

सायन्सवाल्यांसाठी. एमएचटी-सीईटीत (इंजिनिअरिंग-फार्मसीच्या राज्य सीईटीत) साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे. हे ऐकून लोक अकरावी सोडून देतात. हिशोब चुकतो तो दोन ठिकाणी. एक, जेईई आणि नीटला अकरावी अशी बाजूला ठेवता येत नाही. दोन, अकरावीची त्रिकोणमिती आणि सदिश कच्चे असतील तर बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही हलतात. मी बारावीच्या दिवाळीत अकरावीचं पुस्तक उघडलं, तेव्हा त्याला नव्याचा वास येत होता.

पीसीएम गटाचं वेळेचं गणित: भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. मग गणित ५० प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद, पण गुण प्रत्येकी २. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सराव वहीवर करून भागत नाही, परीक्षा स्क्रीनवर असते. डोळे स्क्रीनवर आणि आकडेमोड कागदावर ही सवय महिनाभर लागते.

इशारा: बोर्ड विसरू नकोस. इंजिनिअरिंगला सीईटीचे पर्सेंटाइल कितीही असोत, बारावीत ठरलेल्या विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीवला ४० टक्के लागतातच.

टप्पा ७: बारावीनंतरची कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया)

टप्पा १ आणि २ झाले असतील तर इथे फारसं काही उरत नाही. अर्ज, कागदांची ई-स्क्रुटिनी (ऑनलाइन तपासणी), गुणवत्ता यादी, मग पसंतीक्रम. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की हरकत घ्यायला मोजकेच दिवस असतात. नाव, प्रवर्ग, गुण तेव्हाच तपास.

एकच गोष्ट अकरावीहून वेगळी. २०२५ च्या इंजिनिअरिंग प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी कुठलीही मिळाली की जागा आपोआप पक्की होत होती. असे नियम वर्षागणिक बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका डाउनलोड करून पसंतीक्रमाचं प्रकरण तरी पूर्ण वाच. मोठ्या ताईने सांगितलेलं, म्हणजे मी सांगितलेलंही, दोन वर्षं जुनं असू शकतं.

प्रवेशाच्या दिवशी कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला नवं कॉलेज ठेवून घेतं. त्याआधी त्याच्या पाच-सहा झेरॉक्स काढ, एक चांगला स्कॅन स्वतःच्या ईमेलवर टाक, आणि फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घाल. मी जुलैमध्ये वाशी स्टेशनबाहेर उतरले तेव्हा माझ्याकडे एकच झेरॉक्स होती आणि छत्री वाऱ्याने उलटली.